नमुना नंबर सात

वागळे इस्टेटमध्ये, आतल्या गल्लीच्या टोकाला
माझा गाळा. चाळीस वर्षं डाय बनवतोय.
अत्तराच्या बाटलीचं झाकण, कंगव्याचे दात,
कुकरच्या शिट्टीवरची ती काळी टोपी.
तुमच्या घरात माझ्या हातचं काहीतरी असणारच,
नाव नसलेलं.

मार्चमध्ये झुबेर मुकादम आला, कौशाचा पोरगा,
लॅपटॉपची बॅग छातीशी धरून, आत अंडी असल्यासारखी.
मागून हेमांगी मढवी, सिस्टर,
कळव्याहून रात्रपाळी संपवून थेट, डोळे तांबारलेले.
तिनं टेबलावर सलाइनची वापरलेली नळी ठेवली.
म्हणाली, "काका, बेड चाळीस, आम्ही दोघी.
बाटली संपली हे सांगणारं कोणी नाही.
नातेवाईक रात्रभर थेंब मोजत बसतात.
डुलकी लागली की नळीत रक्त चढतं वर,
मग ते स्वतःला माफ करत नाहीत."

मी काही बोललो नाही.
मीही मोजलेत थेंब. कुठल्या साली, ते राहू दे.

झुबेरनं वहीत चिमटा काढून दाखवला,
थेंब ओळखणारा.
पोराला सर्किट कळत होतं, प्लास्टिक नाही.
गार झालं की ते आकसतं, माणसासारखंच,
आणि किती आकसेल
ते आधीच धरून चालावं लागतं.

पहिला नमुना सैल. दुसऱ्यानं नळीच चेपली.
तिसरा हेमांगीनं हातात घेतला नि हसली,
"हातमोजे घालून उघडून दाखवा."
नाही उघडला.
चौथ्याला भोंगा होता. म्हणाली, "भोंगा नको,
एकासाठी वाजेल नि एकोणचाळीस उठतील.
दिवा लावा. आणि लाल नको,
लाल दिसलं की बाया देव आठवतात."
झुबेरचं आठ दिवसांचं काम
एका वाक्यात गेलं. चहा न पिता निघून गेला.
दोन दिवसांनी आला, पिवळा दिवा घेऊन.
सहावा स्पिरिटनं पुसला नि तडकला.
सातवा बसला.

मग ऐरोलीच्या काचेच्या इमारतीत बोलावणं.
एसी असा की माझे गुडघे बोलायला लागले.
साहेबांनी विचारलं, "स्केल काय?"
मी म्हटलं, सहा इंची, खिशातच आहे.
झुबेरनं टेबलाखालून पाय दाबला.

पैसे मिळाले. बरे मिळाले, खोटं कशाला बोलू.
करार अकरा पानांचा. त्यात कंपनी होती, झुबेर होता,
माझा गाळा 'पुरवठादार' म्हणून होता.
हेमांगी कुठंच नव्हती.
विचारलं तर म्हणाले, त्या नोकरीत आहेत,
नियमात बसत नाही.
ती म्हणाली, "असू दे काका, आज रात्रपाळी आहे,"
आणि रिक्षाला हात केला.

त्या रात्री मी डाय परत उघडली.
डोळ्याला भिंग लावून,
बॅटरीच्या झाकणाच्या आतल्या अंगाला
दोन अक्षरं कोरली. उलटी.
डायमध्ये उलटं कोरलं तरच वस्तूवर सुलटं उमटतं.
'हे'ची मात्रा काढताना हात हलला,
थोडी वाकडी आहे ती. सगळ्यांवर वाकडी आहे.

दहा हजार नग गेलेत आता,
कुठल्या कुठल्या गावांना, मला नावंही माहीत नाहीत.
हेमांगीला सांगितलेलं नाही.

परवा तिचा फोन आला.
मी मशिन बंद केलं, नीट ऐकू यावं म्हणून.
"काका, लोक काही झोपत नाहीत हो.
आधी बाटलीकडं बघायचे,
आता दिव्याकडं बघत बसतात."
मग थोडं थांबून,
"बेड अकराची सासू मात्र झोपली काल.
खुर्चीतच. घोरत होती चांगली."