नमुना क्रमांक सात

लिफाफ्यात लिफाफा, त्यावर लाख.
आत विषय एवढाच : युद्ध सुरू झाल्यास.
'झाल्यास'खाली कुणीतरी पट्टी धरून रेघ ओढलेली.

कॅम्प पोस्टाची मागली खोली, दार लावून घेतलेलं.
हणबर साहेब वाचत गेले, मी लिहीत गेलो :
लांब टेबलं चार. कात्र्या सहा, बोथट टोकाच्या.
खळ. काळी शाई. किटली एक
(चहाची नव्हे, पाकिटं वाफेवर धरायची).
तारेला वेगळा माणूस, रात्रपाळीला दुसरा.
लग्नाची तार असो की मरणाची,
सहा तास रोखून मग सोडावी.

मग भाषेचा रकाना आला.
'येथील पत्रव्यवहाराची भाषा : एका शब्दात.'
साहेबांनी चष्मा पुसला, पण घातला नाही.
पत्र मराठीत सुरू होतं, साहेब,
उधारीचे आकडे कन्नडात,
एखाद्या म्हाताऱ्याची सही अजून मोडीत,
शिवी जी आधी तोंडात येईल ती.
रकाना कोराच राहिला.

कलम चौदा :
न समजणारा शब्द सांकेतिक मानावा.

मला बेळगुंदीची भरमाक्का आठवली.
दर बुधवारी खिडकीशी उभी राहून
पलटणीतल्या मोनाप्पाला लिहायला सांगायची :
'रताळी काढूलालोय. म्हस गाभण हाय.
थोरली तुझी वाट बघूलाल्या.'
दिल्लीहून येणारा माणूस काय करील याचं?
रताळी म्हणजे सुरुंग, म्हस म्हणजे तोफ,
आणि हे 'लालोय', 'लाल्या' –
कुठला लाल, कुणाचा लाल,
तांबड्या पेन्सिलीचा गोल काढून वर धाडील.

तेव्हा मीच म्हणालो, माझं नाव घाला.
स्थानिक वाचक : एक.
तिची पत्रं मी लिहितो,
त्याची आलेली मीच वाचून दाखवतो,
मधे कात्री धरायला तिसरा कशाला?
साहेबांनी सही घेतली. बायकोलाही सांगायचं नाही, म्हणाले.

पुढचा बुधवार. युद्ध कुठेच नव्हतं.
बाजारात बटाटा उतरला होता, एवढीच बातमी.
भरमाक्का म्हणाली, 'लिही,
सांबऱ्याकडं विमानं लई येऊलाल्यात,
रातचं पण.'
मी लिहिलं, इकडील सर्व क्षेम.

अक्षर तिला कळत नव्हतं.
लांबी कळत होती.
'एवढं बोललो न्हवं मी?
मग कागुद रिकामा कसा ऱ्हायला?'

शाई वाळू दे, म्हटलं.