घडी

क्लीनरच्या सीटवर आता सायकल बसते.
घडी होऊन, चाकाला चाक लावून,
हँडल पोटाशी घेतलेलं, थंडी वाजल्यासारखं.
सर्फराज होता तोवर त्या जागी बडबड होती,
मावा होता, टायर ठोकून बघायचा दांडा होता.
तो कळंबोलीतच पार्सलवाल्यांकडे लागला.
म्हणाला, उस्ताद, आता रोज घरी झोपतो.
म्हटलं, झोप.

सायकल खारघरच्या एका वॉचमनकडून घेतली, अठराशेला.
साहेब परदेशी गेले, ही राहिली.
घंटी वाजत नव्हती. अजून वाजत नाही.

आज पहाटे इचलकरंजीचं सूत घेऊन
गव्हाण फाटा ओलांडला आणि लाईन लागली.
न्हावा-शेव्याचं गेट अजून कुठंच दिसत नाही,
नुसते लाल दिवे, एकामागं एक,
आणि साडेसातला एजंटाचा फोन :
खताळ, एका कागदावर शिक्का राहिलाय,
करळ फाट्याला या.
या म्हणे. चाळीस फुटी डबा खिशात घालून येऊ का?

सायकल खाली काढली.
तीन खटके. एक बिजागरी जरा कुरकुरते.
मागचा ड्रायव्हर काचेतून बघत होता.
मी कुठंही मांडी घालतो, स्टो पेटवतो, अंघोळ करतो,
ते कुणी बघत नाही. हे बघितलं.

रात्रभर माझ्या पायांना दोनच गोष्टी माहीत असतात :
दाब आणि सोड.
गोल फिरायचं ते विसरलेले असतात.
पहिले शंभर हात गुडघे भांडले,
मग गप झाले.

शिक्का दोन मिनिटांत झाला.
येताना एक फाटा चुकलो,
की चुकवला, आता सांगता येणार नाही.
वर पाटी होती : जड वाहनांस प्रवेश बंद.
बावीस वर्षं ही पाटी मला उद्देशून आहे.
सांगलीत, हुबळीत, वापीत, सगळीकडे मीच.
गावं मी बाहेरूनच ओळखतो :
वजनकाटा, पंक्चर, ढाबा, पुढं.
आज पाटीखालून गेलो
आणि तिनं मला ओळखलं नाही.

आत गल्ली होती. गल्लीत कोंबड्या.
एका ओट्यावर कुणी इस्त्री करत होतं, रेडिओ नव्हता,
फक्त पाणी शिंपडल्याचा आवाज.
अर्ध्या रस्त्यावर एक बाई जवळा पसरत होती.
कडंनी जा रं, म्हणाली, सुकतंय ना.
मला. कडंनी.
मी एक पाय टेकून उभा राहिलो
आणि उगाच विचारलं, कसा दिला?
विकायचा नाही, म्हणाली, पोरीकडं धाडायचाय.

तेवढ्यात फोन. अनोळखी नंबर.
केबिनच्या दारावर रंगवलाय तो माझा,
तिथून बघून लावलेला.
अण्णा, लाईन चालू. जल्दी.

मग जे पायडल मारले ते मारले.
उलट्या बाजूनं ट्रकमागून ट्रक, शंभर, दीडशे,
नारळ-लिंबू, काळी बाहुली, कुणाच्या पोरीचं नाव,
सगळ्यांचे तोंडवळे माझ्याकडं,
सगळे एकेक गाडी पुढं सरकलेले.
अशात जागा कोण ठेवतो?
बापालासुद्धा ठेवत नाहीत इथं.

माझ्या गाडीपुढं चार गाड्यांची मोकळी जागा
आणि त्या जागेत एक माणूस उभा.
मागचा ड्रायव्हर. लुंगी, बनियन,
एका हातात दात घासायचा ब्रश,
दुसरा हात वर करून
बाजूनं घुसणाऱ्या ट्रेलरला थांबवून धरलेलं त्यानं.
ट्रेलर हॉर्न देत होता, तो फेस थुंकत होता,
हलत नव्हता.

आभार मानायला वेळ नव्हता.
नाव विचारलं, तर हॉर्नमध्ये ऐकू आलं नाही.
त्यानं सायकलीकडं बोट केलं,
मग दोन्ही तळवे मिटले, उघडले, मिटले :
करून दाखव.

मागं तीनशे गाड्या बोंबलत होत्या.
मी सावकाश केली.
आधी हँडल, मग मधला खटका,
मग सीट खाली.
एकदा उलगडली. परत केली.