अकरा बिया

एप्रिल लागला की नगरपालिकेचा कागद येतो:
फुलोरा सरेपर्यंत मधपेट्या
बागांपासून पाच किलोमीटर लांब.
खाली शिक्का. वर माझं नाव, चुकीचं,
रेमेईचं रेमेदिओस केलेलं.

मग मी अंधार पडल्यावर निघते.
पेट्यांची तोंडं ओल्या स्पंजानं बंद,
पट्टे आवळलेले,
नूलेसहून वर, रोझमेरीच्या माळावर
चाळीस संसार हलवायचे.
व्हॅनची काच उघडायची नाही.
फुलांचा वास आत आला की
मागे सगळ्या एकदम गुणगुणायला लागतात,
लग्नघरावरून उपाशी नेल्यासारख्या.

बतिस्तेचं म्हणणं खोटं नाही.
त्याच्या क्लेमेंटाईनला स्वतःचा पराग चालत नाही;
एकटं ठेवलं तरी झाड फळ धरतं,
पण आत कुणी नसतं.
दहा फोडी, गोड, नुसत्या.
शेजारी दुसऱ्या जातीची बाग
आणि मधे माझ्या माश्या,
की फोडीफोडीत बी.
आमच्याकडे त्याला शब्द आहे, पिन्योला,
रोगाचं नाव घ्यावं तसं घेतात.
जर्मन व्यापाऱ्याच्या दाताखाली एक बी येते
आणि अख्खा ट्रक रसाच्या कारखान्याकडे वळतो,
मातीमोल.

बियांवाचून बाग वाढते कशी, पाहुणे विचारतात.
डोळ्यांवर.
बतिस्तेच्या बापानं खुंटाची साल चिरून
एकेक डोळा आत बसवला, सुतळीनं बांधला,
आणि तीन आठवडे बागेत
कुणाला शीळ घालू दिली नाही.
दोनशे झाडं, सगळी एकच झाड.
कुठल्याशा जुन्या फांदीचं
पुन्हा पुन्हा आरशात बघणं.

परवाच्या वर्षी एक पेटी राहिली.
विसरले, असं मी सोसायटीत सांगितलं.
विहिरीमागे, अंजिराखाली.
राणी म्हातारी होती, तिला प्रवास सोसला नसता.

नोव्हेंबरात बतिस्ते दारात.
हातात एक फळ, देठाला पान अजून ताजं.
बसला नाही. सोललं, खाल्लं,
बिया एकेक करून तळहातावर काढल्या
आणि माझ्या मेणकापडावर ओळीनं मांडल्या.
“मोज.”
अकरा.
मी त्याच्या ओरडण्याची वाट पाहत राहिले.

“ही लावली तर काय येईल?”

मला माहीत नव्हतं.
त्यालाही नव्हतं, आणि साठ वर्षांत
त्याच्या शेतात
माहीत नसलेलं काही उगवलं नव्हतं.
दहा त्यानं माझ्या कोंबड्यांना टाकल्या.
एक खिशात, किल्ल्यांच्या जुडग्यात.
जाताना म्हणाला, पेटी मात्र हलव.

आता त्याच्या पंपाच्या खोलीबाहेर
तेलाच्या डब्यात वीतभर रोप आहे,
नुसतं काट्यांचं.
डोळ्यांच्या झाडांना इतके काटे नसतात.
चिमणीनं सुद्धा बसू नये म्हणून
त्यानं त्यावर जुनी जाळी घातलीय.

कागद आलाय यंदाचा.
एकोणचाळीस पेट्या चढवल्या.
चाळिसावीचं बघते.