डेल्को

फिरतंय हो, पण धरत नाही.
सकाळपासून हे एकच वाक्य.
अशोक चौकाच्या मागच्या बोळात
येणारा जाणारा थांबतो, विचारतो,
मी सांगते: फिरतंय. धरत नाही.

एकोणनव्वदची पद्मिनी, रंग कधीकाळी पिस्त्याचा.
माझ्याकडे आली ती तीन हात फिरून.
उद्या सव्वाआठला मोहोळचं गिऱ्हाईक येणार
रोख घेऊन,
आणि ही, चावी दिली की खुर्र खुर्र खुर्र,
घसा साफ करून काहीच न बोलणाऱ्या
सोयऱ्यासारखी.

महिबूब म्हणाला, बॅटरी नाही ताई,
बॅटरी गेली असती तर एवढी खाकरली नसती.
मग पेट्रोल. पंपाची नळी पाण्याच्या बाटलीत सोडली,
मी चावी दिली, आलं, पिचकारी मारत आलं.
मग चोक. मग एअर फिल्टर.
त्यातून निघाली मूठभर तूस, तांबडी, निळी;
आमच्या बोळात हवेलासुद्धा काठ असतो.
मग प्लग. चारही ओले.
एक काढून बॉडीला टेकवून धरला,
बघा, ठिणगी येते का.

मे महिना, दुपारचे दोन, पत्र्यावर हात ठरत नाही.
त्या उजेडात मला वाटलं, आली.
त्याला वाटलं, नाही.
थोडा वेळ आम्ही त्यावरून भांडलो.
तो जेवायला गेला तो सहाला उगवला,
कुणाच्या तरी गाडीची कॉइल घेऊन.
लावली, फिरवली, धरलं नाही,
काढून परत पिशवीत घातली.

समोरच्या पायरीवर राजेशम मामा.
चाळीस वर्षं लूमचा जॉबर, आता नुसता बसून.
दिवसभर एक शब्द बोलला नव्हता.
गाडीतलं आपल्याला काय कळतंय, म्हणाला,
पण तुम्ही बंद करून करून बघताय की बे,
चालू असताना बघा की कुठं तुटतंय ते.
महिबूबनं माझ्याकडे बघितलं.
मी चहा आणायला आत गेले.

साडेआठला लाईट गेली.
अख्ख्या गल्लीचे माग एका दमात थांबले,
कान रिकामे झाले.
त्या काळोखात मामाचा आवाज:
आगु, आगु. आता मार.

मी चावी दिली.
बॉनेटखाली, डेल्कोच्या काळ्या टोपीवर
एक निळा धागा सरपटत होता.
वायरीच्या बुडापासून निघायचा,
शेजारच्या लोखंडात शिरायचा.
टिक्. टिक्. टिक्.
म्हणजे ठिणगी होती.
सकाळपासून होती.
सात रस्त्याचं तिकीट काढून
पार्क चौकातच उतरत होती.

मोबाईलच्या उजेडात बघितलं,
टोपीला केसाएवढी चीर.
नवी टोपी उद्या दहानंतर, दुकानं उघडल्यावर.
महिबूबनं ब्लेडनं चीर खरवडली,
पेट्रोलनं पुसली, म्हणाला,
नेलपॉलिश आहे का घरात?
शिवलीलानं आतून गुलाबी बाटली आणली,
स्वतःच दोन हात दिले, फुंकर घातली,
आणि डावा अंगठा राहिला होता, तोही रंगवून घेतला.

दहाला दहा कमी असताना
पद्मिनी थरथरली, काळा धूर टाकला, आणि धरलं.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
बंद करायला मात्र कुणी पुढं आलं नाही.
मग लाईट आली.
एकेक माग सुरू झाला, खटखट, खटखट,
आणि त्यात गाडीचा आवाज विरून गेला.
चालू आहे का, हे कळायला
मी बॉनेटवर हात ठेवून उभी राहिले.

सव्वाआठला तो येईल.
चावी फिरवेल, पहिल्या झटक्यात धरेल.
मग विचारेल, सगळेच विचारतात,
काम काय निघणार नाही ना हो गाडीत?
शिवलीला तेव्हा कॉलेजला निघालेली असेल,
दाराशी चप्पल घालत,
त्याच गुलाबी नखांनी.