तांत्रिक कारणास्तव

पहिल्या वर्षी आम्ही फक्त भाव सांगायचो.
कापूस, फरदड, सरकी, तुरीची चुरी,
आणि दोन बाजारांच्या मधल्या फटीत
अजाबराव ठवकर घसा खाकरायचे.
तेवढं खाकरणं ऐकून
धामणटोल्याच्या बाया चुलीवर आधण ठेवत.
साडेसहा झालेले असत.

मग वरून पत्र आलं : कार्यक्रम रंजक करा.
फर्माईश सुरू झाली.
पोस्टकार्डांचं पोतं सायकलच्या कॅरिअरवरून यायचं,
एका गाण्याला अठरा नावं,
एका कार्डावर दर आठवड्याला
एक नाव लिहून खोडलेलं.
अजाबरावांनी एकदा खोडलेलंही वाचलं.
त्यानंतर ते कार्ड आलं नाही.

गुरुवारी अर्धा तास गोंडीचा.
सुगंधा कुमरे कागद न घेता बसायची.
मला शब्द कळत नसे,
पण मीटरची सुई कशी उडते त्यावरून
हसू कुठं आहे ते समजायचं.
अर्ध्याचा पाव तास झाला,
मग एका गुरुवारी नुसतीच सूचना,
तांत्रिक कारणास्तव.
स्टेशनात तांत्रिक माणूस मी एकटाच होतो.
कारण मला अजून सापडलेलं नाही.

एफएम झालो.
मनोरा उंच झाला, बोलणं आखूड.
पुण्याहून एक पोरगी ‘हाय विदर्भ’ म्हणायची
आणि सेहेचाळीसच्या पाऱ्याला
‘मस्त सनी डे’.
इथं कवेलू तडकत होते.

आता कंप्युटरच वाजवतो.
मी कुलूप उघडतो, धूळ झटकतो, आकडे लिहितो.

परवा तो अडकला.
पुसताना माईक उघडाच राहिला होता.
अकरा मिनिटं गाणं नाही, जाहिरात नाही.
फोन एकच आला, धामणटोल्याच्या नत्थू शेंद्रेचा :
“लय दिवसानं तुमच्या खोलीतला पंखा आयकू आला, बाप्पा.
अजूनही कुरकुरतेच काय तो?”

कुरकुरते, म्हटलं.

मग खुर्ची पुढं ओढली.
वाचायला काही नव्हतं, लॉगबुक होतं,
तेच वाचलं :
व्होल्टेज एकशे शहाऐंशी.
खोलीचं तापमान एकेचाळीस.
हजर, एक.

पुढं काय बोलावं कळेना,
तर घसा आपोआप खाकरला गेला.

साडेसहाला अजून वीस मिनिटं होती.
कुठं आधण लवकर चढलं असेल
तर चूक माझी.