मुद्देमाल निरंक

डॉक्टर पोंक्षे भर दुपारी ठाण्यात आले,
छत्री मिटायची विसरून म्हणाले,
माझे एकसष्ट तास चोरीला गेलेत.

मी रजिस्टर उघडलं. सन नव्व्याण्णव. वेंगुर्लं.
कलम तीनशे एकोणऐंशी.
चोरीस गेलेली वस्तू: तास.
नग: एकसष्ट.
वर्णन
इथे पेन थांबलं.

शंभर तासांचं पाकीट मुंबईहून मागवलेलं,
टेलिफोनच्या तारेतून वापरायचं.
एकोणचाळीस त्यांनी वापरले, उरले शून्य.
कुलूप शाबूत. कौलं जागच्या जागी.
कुत्रं भुंकलं नाही.

पंच नेले दोन: इनास पाववाला आणि बंदरावरचा गिरप.
टेपने टेबल मोजलं, चार फूट बाय अडीच.
कॉम्प्युटरवर क्रोशाचा रुमाल, तोही लिहून घेतला.
इनास म्हणाला, "हवालदारानु, चोर भितूर खंयसून गेलो?"
मी तारेकडे बोट केलं.
तो नजरेने तारेमागून गेला, खिडकीबाहेर,
माडाला वळसा घालून खांबापर्यंत,
तिथे थोडा वेळ थांबला,
आणि परत येऊन सही केली.

तरुणपणी निवतीला रात्र रात्र वाळूत पालथा पडलोय मी.
एकदा पोत्यात घड्याळं सापडली, तीनशे, परदेशी,
सगळी चालू, आणि एकाची वेळ दुसऱ्याला जुळेना.
उजाडेपर्यंत त्यांची टिकटिक ऐकत पोत्यावर बसलो होतो.
पण घड्याळाला हात न लावता तास नेणारा
हा पहिलाच.

एक्स्चेंजमधून कागदाचं भेंडोळं आलं.
बोट ठेवत ठेवत शिरोड्याला पोचलो,
एसटीडी बूथ, मागे फळकुटाची खोली,
हेरंब रेडकर, वय सतरा.
बाप मिठागरावर.
भरतीला फळी उचलायची, समुद्र आत घ्यायचा, फळी टाकायची.
त्याची फिर्याद अजून कुणी दिलेली नाही.

"पासवर्ड कसा मिळाला?"
"फाटकावर लिहिलाय," पोरगा म्हणाला.
श्रमसाफल्य.
पांढऱ्यावर निळा, गेल्या दिवाळीत रंगवलेला.

"तासांचं केलंस काय? विकलेस?"
"नाय. कुठवर जाता येतं ते बघत होतो.
सुकतीला पाणी मागे सरतं, तसं आपण पुढे पुढे जातो ना..."
"आणि भरती लागली म्हणजे?"
तेव्हा तो पहिल्यांदा घाबरला.

साहेबांचा फोन कुडाळहून: हद्द कुणाची?
तार वेंगुर्ल्यात, बोटं शिरोड्यात,
तास ठेवलेले मुंबईत,
आणि पोरगा हिंडत होता फिनलंडात.
भिंतीवरच्या नकाशात आमची समुद्राकडची रेघ
कुणीतरी पेन्सिलने काढलेली,
आणि तिथूनच वाळवी लागलेली.
साहेब म्हणाले, तास जंगम की स्थावर?
मी म्हणालो, साहेब, गेले म्हणजे जंगमच.

(नव्या कायद्याचं पुस्तक पुढच्या वर्षी आलं, पोस्टाने, पावसातून.
पानं एकमेकांना चिकटलेली.
वाफेवर धरून सोडवली तितकी वाचली.)

शेवटी डॉक्टरांनीच फिर्याद मागे घेतली.
म्हणाले, पोराकडून कुलूप तेवढं बदलून द्या.
हेरंबने सगळं लावून दिलं, खुर्ची सोडली, म्हणाला,
आता नवा शब्द टाका. सगळ्यांनी तोंडं फिरवायची.
तीस वर्षं मी लोकांना भिंतीकडे तोंड करायला लावलं.
त्या दिवशी मीही वळलो,
शेजारी इनास, पलीकडे पोरगा.

डॉक्टर एका बोटाने टाइप करत होते.
टक.
बराच वेळ काही नाही.
टक टक.
मी तिरक्या नजरेने पाहिलं:
पोराचे डोळे मिटलेले, आणि ओठ हलत होते,
एकेका टकेसरशी.

हे मी पंचनाम्यात लिहिलं नाही.
मुद्देमालाच्या रकान्यात लिहिलं, निरंक,
आणि वर तुरटीने तारीख पुसून
पुन्हा तीच तारीख घातली.