कर्मणी प्रयोग

संडरलंडला नदीकाठी जहाजं बनायची
तेव्हा डॅड वेल्डर होता.
गोदी बंद पडली, मी तीन वर्षांची होते.
त्यानंतरही तो जोडत राहिला:
फाटकं, कठडे, शेजारच्या मिसेस ऑर्डची सायकल,
आणि दर महिन्याची तोंडमिळवणी.

मी इंग्रजी साहित्य घेतलं, लीड्सला.
"इंग्रजी?" तो म्हणाला. "ती तर येते ना तुला?"

आजीच्या अंत्यविधीला चुलतभावानंही विचारलं,
पुढे काय त्याचं? म्हणजे, पोटापाण्याचं?
मी सँडविच खात राहिले.
तोंड भरलेलं असलं की उत्तर द्यावं लागत नाही.

आठवड्याला सहा तास वर्ग,
उरलेले सगळे एकाच पानापाशी.
डॉ. फेनविक बाई एका स्वल्पविरामावर
अख्खा मंगळवार घालवायच्या.
माझ्या पहिल्या निबंधाच्या समासात त्यांनी
हिरव्या पेन्सिलीनं लिहिलं: कोण?
दोन ओळी खाली पुन्हा: कोण?
आणि शेवटी: "असे मानले जाते."
कोण मानतं, मिस स्टोबर्ट?

राग आला. मग सवय लागली.
बसमधल्या पाट्या, बिस्किटांचे पुडे,
दारावरची घरमालकाची चिठ्ठी, "भाडे वाढविण्यात येत आहे",
सगळ्यांच्या समासात मी मनातल्या मनात
हिरवं लिहीत सुटले.

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत घरी आले.
वाचनासाठी दिलेला आठवडा,
डॅडच्या भाषेत सुट्टी.
सॉसच्या बाटलीला टेकवलेलं एक पाकीट,
फोडलेलं, आतला कागद पुन्हा नीट घडी घातलेला.
"वाच गं जरा. चष्मा सापडत नाहीये."

चष्मा त्याच्या शर्टाच्या खिशात होता.
माझ्या जन्माच्या आधीपासून तो सापडत नाहीये.

मी मोठ्यानं वाचलं.
आपणांस कळविण्यात येते की
उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात
सावली आढळून आली आहे.
पुढील तपासण्या सुचविण्यात येत आहेत.
काळजीचे कारण असेलच असे नाही.

केटल उकळली आणि आपोआप बंद झाली.

"काय म्हणतंय?"
म्हणतंय ते पुन्हा सांगितलं.
"ते ऐकलं मी. काय म्हणत नाहीये?"

तीन वर्षांत हा प्रश्न
इतक्या सरळ मला कुणी विचारला नव्हता.

खुर्ची ओढली, तळव्यानं कागद सपाट केला.
म्हटलं, डॅड, या पत्रात माणूसच नाहीये.
सावली आढळली, कुणाला ते नाही.
तपासण्या सुचवल्या, कुणी ते नाही.
खाली सहीसुद्धा शिक्क्याची.
आणि हा "असेलच" बघ, त्यातला "च".
"काळजीचे कारण नाही" लिहिलं असतं
तर शाई कमी लागली असती.
लिहिलेलं नाही.

तो मान किंचित तिरकी करून ऐकत होता,
हातोडीनं जोड ठोकून बघताना करायचा तशी.
भरीव असला तर वाजतो, म्हणायचा,
आत हवा राहिली की आवाज बसतो.

"म्हणजे आत हवा आहे," तो म्हणाला.
पत्रात की आणखी कुठे,
ते मी विचारलं नाही.

चौथ्या फोनला, पाऊण तास तेच तेच संगीत ऐकल्यावर
एक थकलेला आवाज आला.
मी नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली,
आणि समासातला प्रश्न विचारला:
सावली पाहिली कुणी?

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज.
"मी. डॉ. न्वोसू. मी पाहिली.
ते जवळ आहेत का? त्यांच्याशी बोलते मी."

मी रिसीव्हर पुढे केला.
डॅडनं हात पँटला पुसले,
खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला,
आणि मग कानाला लावला.
"हां पोरी," तो म्हणाला. "बोल."